ठमाबाईची भवानी

"शेट, आनले पैशे. द्या आता माज्या मालूचं औषद."

काशिरामशेटनं औषधांच्या दुकानाच्या दाराकडे पाहिलं. समोर हौसा उभी होती, रोडपालीची, मिठागरावर राबणारी. सकाळी आली तेव्हा कानांत सोन्याच्या बुगड्या होत्या, आता कान उघडे होते. आणि काउंटरच्या आत, शेटच्याच खुर्चीत, औषधखात्याचे इन्स्पेक्टर चहा पीत बसले होते.

चीनच्या लढाईनंतरचं ते साल. सरकारनं हुकूम काढला होता: औषधांचे भाव फळ्यावर लिहून दुकानात टांगा, आणि त्यावर एक पैसा चढवू नका. शेटनं फळा टांगला. अक्षर असं काढलं की मास्तरांनी शाळेतली पोरं आणून दाखवावं. मात्र ज्या औषधाचा भाव फळ्यावर चढला ते कपाटातून उतरलं. फारच नड असेल त्याला मागच्या दारानं मिळे, चौपट भावात.

हौसालाही सकाळी चौपटच सांगितले होते. ती हातापाया पडू लागली तेव्हा शेट म्हणाला होता, "सकाळची भवानी आहे, बाई. घासाघीस करू नकोस." भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती नासली की दिवस नासतो, हे पनवेलच्या बाजारात शेंबडं पोरही जाणतं. हौसा मुकाट्यानं बुगड्या मोडायला गेली.

ती सोनाराकडे असतानाच एस.टी. स्टँडवरून खबर आली, इन्स्पेक्टर उतरले. घटसर्पाच्या सीरमची एकुलती एक बाटली शेटनं बर्फाच्या पेटीतून काढली, पेटीतला बर्फ मोरीत ओतला, बाटली पत्र्याच्या डबीत घातली, आणि दुकानाच्या पायरीशी बसणाऱ्या गव्हाणच्या ठमाबाईच्या पाटीत, पापलेटांच्या खाली, बर्फात खुपसली. डोळ्यांचं औषध आहे, पाहुणे जाईपर्यंत सांभाळ, एवढंच तिला सांगितलं. शेटच्या गळ्यात तुळशीची माळ. सुकटीचा नुसता वास आला तरी दोनदा आंघोळ करणारा माणूस. तो मासळीच्या पाटीत हात घालील हे प्रत्यक्ष ब्रह्मदेवाला सांगितलं असतं तरी त्यानं हसण्यावारी नेलं असतं.

"माल संपला म्हणून सांगितलं ना, बाई," शेट आता म्हणाला.

इन्स्पेक्टरनी कप खाली ठेवला आणि कसलं औषध, म्हणून विचारलं. हौसा भडाभडा बोलली. पोरीच्या गळ्यात पांढरा पडदा धरलाय, श्वास शिट्टीसारखा वाजतोय, डॉक्टर दुपारच्या आत सुई मारायला सांगतोय, आणि ते औषध म्हणे बर्फात ठेवलेलं असतं. साहेबांनी उठून पेटी उघडली. पेटी रिकामी होती. पण तळ ओला होता.

शेटनं डोळ्यांनी खुणावलं, मागाहून ये. हौसाला खूण कळली नाही. ती बाहेर जाऊन पायरीवर मटकन बसली. ठमाबाईनं तिला जवळ ओढलं, तिचा हात आपल्या ओल्या हातांत धरला आणि कानाशी काहीतरी पुटपुटली.

शेट बघत होता तो पाटीकडे. बर्फ वितळत होता.

"काय शेट," इन्स्पेक्टर म्हणाले, "गळ्यात माळ, आणि नजर सारखी मासळीवर?"

आणि ते पायरी उतरले. त्यांनी बाही वर सारली, कोपरापर्यंत हात बर्फात घातला आणि डबी बाहेर काढली. कुणाची, म्हणून विचारलं. ठमाबाई म्हणाली, तिला काय ठाऊक, पाटीत सतरा जणांचे हात जातात. साहेबांनी डबी कानाशी हलवली. बेवारस असेल तर सील ठोकून अलिबागला पाठवतो, म्हणाले.

अलिबाग. तिथून डबी परत यायची तर मालूच्या लग्नाचं वय उलटलं असतं. पण आधी मालूनं दुपार तर उलटायला हवी. माझी म्हटलं की परवाना गेला. माझी नाही म्हटलं की पोर गेली. शेटनं कधी न ऐकलेली ती शिट्टी त्याच्या कानात वाजू लागली.

"माझी आहे, साहेब," तो म्हणाला. "आधी तिला द्या. मग माझं काय करायचं ते करा."

साहेबांनी झाकण उघडलं.

आत एक बोंबील होता. ओला, लुळा, आ वासून पडलेला.

शेटनं पायरीकडे पाहिलं. हौसा तिथं नव्हती. पार टोकाला, डॉक्टरच्या गल्लीच्या तोंडाशी, पदराआड मूठ घट्ट धरून ती पळत होती.

"हा तुमचा?" साहेबांनी तुळशीच्या माळेकडे पाहत विचारलं. सगळा बाजार हातातलं काम सोडून उभा होता.

"माझाच," शेट म्हणाला.

औषधांच्या कायद्यात बोंबलाला कलम नव्हतं. साहेब हात पुसत निघून गेले. मालूचं म्हणाल तर ती वाचली, आणि असा गळा घेऊन वाचली की पुढं ती सुनांवर ओरडली की मोरा बंदरात लाँच थबके.

गर्दी पांगल्यावर ठमाबाईनं शेटला जवळ बोलावलं. औषधाचे पैसे हौसा आणून देईल, फळ्यावरच्या भावानं, असं तिनं त्याला बजावलं. मग बोंबलाचा भाव सांगितला. सकाळी शेटनं हौसाला जो आकडा सांगितला होता, नेमका तोच. पायरीवर बसलं की दुकानातलं सगळं ऐकू येतं.

एका बोंबलाला एवढे? शेटनं तोंड उघडलं.

"सकालची भवानी हाय, शेट," ठमाबाई म्हणाली. "घासाघीस करू नका."