बातमीत लिहिल्याप्रमाणे

"पण पेपरात तर छापून आलंय," फोनवरची बाई म्हणाली. "धायरीत चाळीस खाटांचं केंद्र सुरू झालं म्हणून. खाली तुमचाच नंबर आहे."

तनयाने समोरची पुरवणी पुन्हा पाहिली. छापून आलं होतं खरं. घरात वेगळं राहायला जागा नाही अशा कोरोना रुग्णांसाठी मंगल कार्यालयात सोय. युवा नेते रणजित यांच्या हस्ते उद्घाटन झाले. गाद्या तरुण मंडळाने आणल्या. जेवणाची जबाबदारी परिसरातल्या महिलांनी घेतली. डॉ. सुदर्शन रोज सकाळी आठला रुग्णांना तपासतील. वाक्यं तिचीच होती. त्यातलं काहीच घडलं नव्हतं.

"तुम्ही कोण बोलताय?"

"मी रुपाली. सासऱ्यांना घेऊन निघालोच आहोत. काल रिपोर्ट आला त्यांचा. एकच खोली आहे हो आमची, आणि बाळ चार महिन्यांचं." फोन बंद झाला.

तनया रणजितसाठी जनसंपर्काचं काम करायची. कार्यक्रम संध्याकाळी सहाला असला की बातमी दुपारी तीनलाच जाते, सगळं पार पडलं असं लिहून. पुरवणीची पानं लवकर छपाईला जातात, आणि सहाचा कार्यक्रम सहसा होतोच. काल झाला नाही. परवानगी आली होती, खाटा मांडून झाल्या होत्या. साडेपाचला रणजितचा शाळेपासूनचा मित्र कोरोनाने गेल्याचा फोन आला. रणजितने कार्यालयाला कुलूप लावलं, घरी जाऊन वरच्या खोलीचं दार लावून घेतलं. "मॅडम, मला नाही जमणार," एवढंच तो तिला म्हणाला. मंडळाशी, डॉक्टरांशी, बायकांशी तो उद्घाटनाच्या वेळीच बोलणार होता. तनयाने पेपरात फोन केला, तोवर पान छपाईला गेलं होतं.

आत्ता रणजितचा फोन बंद होता. तिने पेपरच्या वेबसाइटसाठी मोबाइलवर दुरुस्ती लिहिली. 'धायरी येथील केंद्र सुरू झालेले नाही. नागरिकांनी येऊ नये.' पाठवायच्या बटणावर अंगठा थांबला. येऊ नये, मग जावं कुठे? दुसऱ्या लाटेचा एप्रिल होता. शहरात कुठेच जागा नव्हती. पण दुरुस्ती पाठवली नाही, तर माणसं तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्यांना घेऊन कुलपासमोर उभी राहतील. त्यांना तिथे आणणारी तीच. दोन्हींतलं कमी चुकीचं कुठलं, हे तिला ठरवता येईना. शनिवार पेठेतल्या घराबाहेर येऊन तिने स्कूटर काढली. निदान रुपालीला समोर जाऊन सांगावं.

सिंहगड रस्त्यावर पोलिसाने अडवलं. "कुठे?"

"एक बातमी चुकीची छापली गेलीय. ती निस्तरायला."

"एकच? मग निघा."

मंगल कार्यालयाचं फाटक उघडं होतं.

तिला आधी वाटलं, आपण दुसऱ्याच कार्यालयापाशी आलो. आत मंडळाची मुलं टेम्पोतून गाद्या उतरवत होती. त्यांच्यातला साई तिला ओळखत होता. "काय मॅडम," तो मास्कमधूनच ओरडला, "आम्ही गाद्या आणल्या हे आम्हाला पेपरातून कळलं! भारी पीआर आहे तुमचा. आता नाव छापलंय म्हटल्यावर काय करणार, घरोघर फिरलो सकाळपासून."

मागच्या अंगणात चूल पेटली होती. चार बायका भाजी चिरत होत्या. डॉ. सुदर्शन पायघोळ पांढऱ्या पीपीई किटमध्ये घामाघूम होऊन उभे होते. "माझी आठची वेळ कुणी ठरवली?"

"मी. म्हणजे, तुमच्याशी बोलणं व्हायचं होतं, डॉक्टर. माझी चूक झाली."

"आठला माझा दवाखाना असतो. साडेसात करा." ते पुढच्या खाटेकडे वळले. खिडकीजवळच्या त्या खाटेवर एक म्हातारा पडून होता. रुपाली बाळाला घेऊन लांब फाटकापाशीच थांबली होती आणि तिथूनच त्याला हात हलवत होती.

तनयाने मोबाइल पाहिला. दुरुस्ती अजून तशीच होती. आता ती पाठवली, तर तीच खोटी ठरणार होती.

दाराशी खुर्ची टाकून एक म्हातारी बसली होती. नाकावरून पदर घट्ट गुंडाळलेला, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा. ती तुळजाबाई, रणजितची आई. कार्यालयही त्यांचंच.

"तू व्हय ती बातमीवाली?"

"हो, आजी. बातमी चुकून गेली. मी दुरुस्ती देणारच होते, पण आता..."

"कशाची दुरुस्ती? सुनेनं सकाळी वाचून दावली. म्हनलं, पोराचं नाव छापलंय आन् दाराला कुलूप? लोक काय म्हनतील? किल्ली घेतली आन् आले."

"आणि रणजित?"

तुळजाबाईंनी रस्त्यापलीकडच्या बंगल्याकडे पाहिलं. वरच्या खिडकीचा पडदा थोडा बाजूला झाला आणि लगेच जागेवर आला.

"हाय घरात. भ्यालाय. दोस्त गेला न्हवं त्याचा. मी हाका मारल्या. न्हाई उघडलं दार. पेपर मातर दाराखालनं आत वढून घेतला."

तुळजाबाईंनी किल्ल्या कमरेला खोचल्या आणि तनयाच्या हातातल्या मोबाइलकडे बोट केलं.

"उद्याच्या बातमीत लिव्ह, सकाळचा च्या रणजितनं सोता वाटला म्हनून."