नानांचं कायम पद

त्या सकाळी मृदुलाचे वडील नदीच्या पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसले होते.

"नाना, नदीत घाण सोडणाऱ्या त्या कारखान्याविरुद्ध कशाला बोलता?" मृदुला म्हणाली. "गप्प बसा. विद्यापीठ काढून टाकेल."

"कायम प्राध्यापक आहे मी, वेडाबाई. मेलो तरी काढता येणार नाही!"

दुसऱ्या दिवशी ते हृदयविकाराने गेले. विद्यापीठाने नियम पाळला. कायम प्राध्यापकाच्या बुद्धीची संगणकातली प्रत मृत्यूनंतरही त्याच्या पदावर राहते आणि वर्ग घेते. त्या प्रतीत काय ठेवायचं, तेवढं मात्र विद्यापीठ ठरवतं.

महिन्याभराने मृदुला त्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसली. पडद्यावरचे नाना नेहमीसारखे खाकरले. "आपल्या नदीचं पाणी पिण्याजोगं आहे," ते म्हणाले. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

मृदुला उठली. "नाना, सतरा नंबरची बाटली आठवते?"

"तशी नोंद नाही. खाली बस, बाळ."

नानांनी तिला कधीच बाळ म्हटलं नव्हतं. तिने पिशवीतून तीच बाटली काढून टेबलावर ठेवली. चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पिऊ नये'.

"मी तुम्हाला गप्प करत राहिले," ती भरल्या वर्गात म्हणाली. "नाना, तुमचंच बरोबर होतं."