रिझोल्यूटहून दीड तास

उलायुक आजी धावपट्टीच्या कडेला उभी होती आणि कुणाचं ऐकत नव्हती. आत येऊन बस, असं रेडिओवाल्या पिजामिनीने दोनदा सांगून पाहिलं. तिने थर्मास पोटाशी घट्ट धरला आणि आभाळाकडे तोंड केलं. तिचा दादा, उताक, आज घरी येणार होता.

रिझोल्यूटहून पार ध्रुवाकडचं आमचं गाव ग्रीस फ्योर्ड विमानाने दीड तास, पण तो चांगल्या हवेतला. आमची पट्टी डोंगर आणि समुद्र यांच्या चिमटीत सापडलेली. डोंगरावरून वारा सुटला की भले भले वैमानिक देवाचं नाव घेतात. आज वारा सुटला होता, धुकंही उतरत होतं. दीड तास केव्हाच उलटून गेला होता.

म्हातारी घाबरली होती, आणि घाबरण्यासारखंच होतं. गेल्या वसंतात याच समुद्रावरचा बर्फ फुटला आणि दादा स्नोमोबाइलसकट पाण्यात गेला. निघताना 'चहा टाकून ठेव, आलोच' म्हणाला होता. आता ती समुद्राकडे बघून पुटपुटत होती, एकदा नेलंस तेवढं पुरे.

दक्षिणेतल्या हॉस्पिटलचे डॉक्टर त्याला सोडायला तयार नव्हते. वजन भरत नाही म्हणायचे. सोबत असलेली नात लिआ फोनवर सांगायची, दिवसभर झोपतो, आणि जागा झाला की ओरडून हॉस्पिटल डोक्यावर घेतो. हे ऐकून आजी खूश. दादाचा स्वभाव जाणार कुठे?

पिजामिनी बाहेर आला. त्याचा चेहरा पडला होता.

"आजी, वैमानिकाचा आवाज येईनासा झालाय."

"माघारी गेला असेल."

"फार वेळ घिरट्या घालत होता गं. आता माघारी जायला इंधन पुरायचं नाही."

आजीने थर्मास हलवून पाहिला. "चहा गार होतोय."

"इतका कडक चहा त्याला सोसेल का?" पिजामिनीने उगीच तिला हसवायला विचारलं.

"त्यानेच टाकायला सांगितलाय."

गावातली माणसं एकेक करून येऊन उभी राहिली. दोघातिघांनी घसरगाड्यांवर दोरखंड टाकले.

मग धुक्यातून घरघर आली आणि पाठोपाठ विमान. एका पंखावर कलतच ते खडीवर आपटलं, घसरलं आणि पट्टी संपता संपता थांबलं.

दार उघडलं. लिआ उतरली. आजीने तिच्या मागे पाहिलं. दारात दुसरं कुणी नव्हतं.

लिआ तिच्यापाशी आली आणि पाठमोरी उभी राहिली. अंगरख्याच्या पाठीवरच्या, बाळासाठीच शिवलेल्या मोठ्या टोपीतून महिन्याभराचं तान्हं बाळ डोळे किलकिले करून बघत होतं.

"नाव सांगितलंस ना त्याला त्याचं?"

"जन्मल्या जन्मल्या कानात सांगितलं, आजी. उताक."

गेलेल्या माणसाचं नाव बाळाला दिलं की तो माणूसच परत येतो, असं आम्ही मानतो.

आजीने थर्मासचं झाकण उघडलं, बाळाच्या तोंडाशी वाफ नेली आणि म्हणाली, "वर्ष झालं की रे दादा, चहा टाकून."