नाव घे

"पूर्ण नाव सांगा," लॅबच्या खिडकीतून आवाज आला. भारतीच्या पोटात सोडायचा गर्भ तिथंच होता.

"भारती..." ती अडखळली. सोनोग्राफीसाठी पाणी पिऊन पोट तट्ट झालेलं, आणि पुढचं नाव काही तोंडातून निघेना. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यातच, हा सासूबाईंचा घरचा कायदा.

"लाजून राहिली, मॅडम," कामिनी सिस्टर हसली. "तुम्हीच वाचा."

"भारती पंकज?"

ही तिसरी खेप होती. एकच गर्भ उरलाय आणि तोही कमजोर, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. तिकडे सासूबाई, मैनाबाई, मुलासाठी पारशिवनीची दुसरी मुलगी पाहून आल्या होत्या.

भारतीनं डोळे मिटले आणि होकारार्थी मान हलवली.

बारीक नळी आत गेली. सोनोग्राफीच्या पडद्यावर पांढरा ठिपका चमकला. नळीत गर्भ अडकून राहिला नाही ना, ते लॅबनं पाहिलं. "रिकामी आहे."

बाहेर हिंगण्याची भारती धावत आली. नावं सारखी म्हणून सकाळीच दोघींची गट्टी जमली होती.

"मी बाथरूमला गेली होती वं. मले आवाज दिला काय?"

"नाही. मले दिला होता."

कामिनी सिस्टर घाईत होती. "आता दुसरी भारती, मॅडम," म्हणत तिनं तिला आत नेलं.

पुढे तपासणीला दोघी पुन्हा भेटल्या. हिंगण्याच्या भारतीला राहिलं नव्हतं. ती रडली, मग हिच्या पोटावर हात ठेवून म्हणाली, "माझ्या वाट्याचं बी तुलेच लागलं वं. सांभाळजो."

तो हात मग उठलाच नाही. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना भारतीला तो पोटावर जाणवायचा. बाळ हललं की घरच्यांना आनंद व्हायचा, तिला मात्र भीती वाटायची.

बारशाला घर बायांनी भरलं. मैनाबाईंचे पाय जमिनीवर नव्हते.

"नाव घे वं! दवाखान्यात लाजली म्हणे, आता काहून लाजून राहिली?"

भारतीनं पाळण्याची दोरी धरली. त्याच दोरीवर आणखी कुणाचा तरी हात आहे, असं तिला वाटलं. लॅबच्या खिडकीतून वाचलेलं 'पंकज' कानात घुमलं, आणि तिनं आपल्या नवऱ्याचं नाव घेतलं.

"रामटेकच्या मंदिरात तेवते समई, ऋषिकेशरावांचं नाव घेते बाळाची आई."