एकच प्रत

तिसऱ्या फोल्डरमधली गोष्टही त्याच शब्दावर अडली. “मग कोल्हा म्हणाला...” आणि पुढे नुसती खरखर.

ताईंनी माऊसवरचा हात काढला. आवाज गेलेल्यांना पुन्हा बोलतं करायचं, हे दवाखान्यात त्यांचं काम. समोर मास्तर बसले होते. गळ्याला पट्टी, मांडीवर पाटी. स्वरयंत्र काढायच्या आधी आठवडाभर ते याच खोलीत बसले होते आणि दोन महिन्यांच्या नातीसाठी चाळीस गोष्टी रेकॉर्ड करून गेले होते.

“मी तीन ठिकाणी ठेवल्या होत्या,” ताई म्हणाल्या. “एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. तिन्ही एकदम कशा जातील?”

प्रश्न दाराशी उभ्या असलेल्या गोदामवाल्याला होता. दवाखान्याचा सगळा डेटा त्याच्या ताब्यात, म्हणून हे नाव पडलेलं.

“ताई, तीन नव्हत्याच,” तो म्हणाला. “जागा पुरेना, म्हणून मार्चमध्ये मी एक सोय चालू केली. डिस्कवर हुबेहूब सारखे तुकडे सापडले की ती एकच ठेवते, बाकीचे काढून टाकते. वरून फोल्डर तीनच दिसतात, पण तिन्हींच्या खाली तुकडा एकच. एक डिस्क गेली असती तर निभावलं असतं, पण काल दोन पाठोपाठ गेल्या.”

“आणि दुसऱ्या मशीनवरची प्रत?”

“ते मशीन अजून आलेलंच नाही.”

ते येईपर्यंत ती सोय चालू करायची नाही, असं त्याने ठरवलं होतं. पण दवाखान्याचे साहेब जागा कधी मोकळी होणार म्हणून रोज विचारत होते. शेवटी एका दुपारी कंटाळून त्याने होकाराचं बटण दाबलं होतं.

“मला विचारायचं तरी होतंस रे!”

“कुणाला कळत नाही, हीच त्यातली खुबी होती, ताई.” बोलून गेल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली.

मास्तरांनी पाटीवर लिहिलं : किती उरल्या?

“सहा,” ताई म्हणाल्या. “बाकीच्या मध्येच तुटतात.”

मास्तरांनी बाहीने पाटी पुसली, वळणदार अक्षरात सावकाश काहीतरी लिहिलं आणि पाटी गोदामवाल्याकडे वळवली.

किती जागा वाचली?

आकडा त्याला तोंडपाठ होता.