दहा नंबरच्या चपला

दुपारी तीनला चपला येतात आणि चारला जातात, एवढं समोरच्या काकूंना पक्कं ठाऊक होतं. निळ्या, रबरी, घरोघरी न्हाणीघरात असतात तशा. पण दहा नंबरच्या. म्हणजे पुरुषाच्या. आता बावीस वर्षांची एकटी पोरगी, कडेवर दोन वर्षांचं लेकरू, लग्नाचा पत्ता नाही, आणि दाराबाहेर रोज दहा नंबरच्या चपला. काकूंना आणखी काय हवं होतं?

माणूस मात्र त्यांना कधी दिसला नाही. तीनला त्यांचा डोळा लागलेला असायचा, जाग येई तोवर चपला दारात, आणि चारला नळाला पाणी यायचं. दाराशी उभं राहावं तर बादल्या रिकाम्या, न राहावं तर जीव वरखाली. बिचाऱ्यांची फार ओढाताण होई.

शेवटी त्यांनी कमिटीला पत्र लिहिलं. पोरीचा भाडेकरार संपत आला होता आणि तो वाढवायला कमिटीची परवानगी लागायची. बातमी जिन्याजिन्यातून फिरली, नाकं मुरडून झाली आणि रविवारी सकाळी खालच्या हॉलमध्ये बैठक लागली. घर गेलं असतं तर पोरीचं सगळंच गेलं असतं. पाळणाघर याच गल्लीत होतं, आणि ती सकाळपाळी करायची ते औषधाचं दुकान कोपऱ्यावर.

ती आली आणि लेकराला घेऊन थेट पहिल्या रांगेत बसली. मागं बसेल, रडेल, हात जोडेल अशी ज्यांची खात्री होती त्यांचा हिरमोड झाला.

अध्यक्ष होते मुकादम. पासष्टी उलटलेला, हाताखाली शंभर गवंडी राबवलेला माणूस. ही इमारतही त्यांनीच उभी केलेली. मागच्या वर्षी चुकीच्या गोळ्या घेऊन दवाखान्यात पडले तेवढेच, एरवी त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. आज त्यांचं तोंड उतरलेलं होतं. असल्या विषयावर कडक माणसाचं उतरणारच, असं सगळ्यांना वाटलं. कागद पुढं आला की ते नेहमी म्हणत, चष्मा वर राहिला, तू वाच. म्हणून सेक्रेटरीनं काकूंचं पत्र सवयीनं स्वतःच्याच हातात ठेवलं होतं.

पत्र वाचायच्या आधीच जिभा सुटल्या. कुणी म्हणालं, आमच्याही मुली मोठ्या होतायत. कुणी म्हणालं, फॉर्मवर वडिलांच्या नावापुढं हिनं नुसती रेघ मारलीय. काकूंनी तर पाटीचंही काढलं. ज्या पोराला अजून धड पाणी मागता येत नाही, त्याच्यासाठी हिनं पाटी आणि खडू आणलेत म्हणे. काय ती आईपणाची अक्कल! सगळे हसले.

तेवढ्यात लेकरू मांडीवरून घसरलं आणि तुरुतुरु जाऊन मुकादमांच्या गुडघ्याला बिलगलं. काकूंना तेही पुरलं. बापाची सवय नसली की पोरं अशीच कुणालाही चिकटतात, त्या म्हणाल्या.

सेक्रेटरी समजुतीनं घेणारा माणूस. त्यानं सुचवलं की त्या गृहस्थाचं नाव सांगून टाका, आम्ही त्याला समज देतो, करार वाढवतो, विषय संपला. वाट आयतीच समोर आली होती. एका नावाचाच काय तो प्रश्न.

"नाही सांगणार," पोरगी म्हणाली. "मी शब्द दिलाय. सांगायचं की नाही, हे ज्याचं नाव आहे तो ठरवेल."

"मग घर सोडावं लागेल."

"सोडेन. पण मान खाली घालून नाही." तिला राग आला होता आणि तो तिनं लपवलाही नाही. "फॉर्मवर रेघ मारली, कारण तिथं लिहायला कुणी नव्हतं आणि मला खोटं लिहायचं नव्हतं. मूल माझं आहे. मला त्याची लाज वाटत नाही. तुम्हाला वाटत असेल तर ती तुमची तुम्ही सांभाळा."

हात वर करून मत घ्यायचं ठरलं. नियम असा की मताआधी तक्रार मोठ्यानं वाचायची. सेक्रेटरीनं घसा खाकरला.

"आण इकडं," मुकादम म्हणाले. "मी वाचतो."

"पण तुमचा चष्मा..."

"मला चष्मा कधी नव्हताच."

त्यांनी एका हातानं लेकराला धरलं, दुसऱ्या हातानं कागद गुडघ्यावर पसरला आणि पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं.

"स... मो... र... च्या. समोरच्या." बोट सरकलं. "खो... ली... त."

मुकादमांच्या कपाळावर घाम आला होता. दोन शब्दांना त्यांना मिनिटभर लागलं, पण एकही त्यांनी सोडला नाही.

"द... हा... नं... ब... र... च्या... च... प... ला." ते थांबले. "बरोबर आहे. दहाच लागतो मला."

काकूंनी पदर तोंडाला लावला. बोट पुढं निघालं.

"हि... चं. हिचं. चा... रि..." बोट अडलं. मागं येऊन पुन्हा गेलं, पुन्हा तिथंच अडलं. मुकादमांनी मान वर केली आणि पहिल्या रांगेकडे पाहिलं.

"हे जोडाक्षर आपलं अजून झालेलं नाही, बाई. सांगता का?"