तेलामिठावरचा कर

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वैजयंताबाईंनी वाणाच्या ताटाशेजारी सगळ्या बायकांचे फोन मांडून घेतले होते. आपण भरलेला कर कुठे जावा आणि कुठे जाऊ नये, हे आता ज्याचं त्याने फोनवर ठरवायचं असे. एखाद्या सरकारी केंद्राला संमती कमी पडली की ते आपोआप बंद होई.

"गर्भपात केंद्राला नाही, एवढंच दाबायचं," त्या म्हणाल्या. "ज्यांना करायचं ते करोत बापडे, पण माझ्या तेलामिठावरच्या करातून नको. शर्वरी, तुझाही आण गं."

"आई, राहू दे ना."

"का? तुला कशाला हवंय ते केंद्र?"

बायका हसल्या. शर्वरीने फोन पुढे केला. आईने लेकीचा अंगठा धरून दाबला आणि तिच्या हातावर तिळगूळ ठेवला.

महाशिवरात्रीच्या दुपारी वैजयंताबाई मोरीत कोसळल्या. पाळी जायचं वय झालं, म्हणून अंगावरून जाणाऱ्या रक्ताकडे त्यांनी लक्ष दिलं नव्हतं. पंचेचाळिसाव्या वर्षी दिवस गेले असतील, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. गर्भ अर्धवट पडला होता, आणि पिशवी साफ करून रक्त थांबवायची सोय गावात त्या केंद्रातच होती. रिक्षा केंद्रापाशी थांबली, तर दाराला कुलूप. जिल्ह्याचं रुग्णालय घाटाखाली होतं.

"दादा, पुढे घ्या!" शर्वरी ओरडली.

घाटात मांडीवरचं आईचं डोकं जड झालं. तिने हाक मारली, पुन्हा मारली. मग ती आईच्या कानाशी वाकली.

"मला हवं होतं गं ते केंद्र. कॉलेजात असताना मी तिथे गेले होते. एकटीच. आई, तेव्हा मला तूही हवी होतीस."